बाड जपावं कसं: सीमाभागातल्या लिहित्या हातांसाठी

मिरगाच्या आधी आमच्याकडे कौलं चाळून होतात, जळण आत येतं, बियाण्याच्या भाताला कडुलिंबाचा पाला लागतो. वह्यांकडे मात्र कुणाचं लक्ष जात नाही. माझंही गेलं नव्हतं. २०१९ च्या ऑगस्टात मलप्रभा फुगली, खानापूर तालुक्यातल्या आमच्या घराच्या मागच्या खोलीत गुडघाभर पाणी शिरलं. त्या खोलीतल्या पत्र्याच्या ट्रंकेत माझ्या सहा वर्षांच्या कविता होत्या. चौथ्या दिवशी ट्रंक उघडली तर जेल पेनाने लिहिलेल्या दोन वह्यांची नुसती निळी पानं उरलेली. त्याच ट्रंकेच्या तळाशी कॉलेजातली, साध्या बॉलपेनाने लिहिलेली एक वही होती. ती फुगून दुप्पट झाली होती, पण अक्षर न अक्षर वाचता येत होतं. नको होत्या त्या कविता वाचल्या आणि हव्या होत्या त्या वाहून गेल्या.

तेव्हापासून बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागातली लिहिणारी माणसं भेटली की मी वह्यांचं विचारते. ती मला चोरीचं विचारतात. "ताई, माझी कथा कुणी आपल्या नावावर छापली तर?" भीती खोटी नाही, तिच्याबद्दल पुढे सविस्तर लिहिलं आहे. पण माझ्या पाहण्यात चोरीला गेलेल्या बाडांपेक्षा ओलीने, वाळवीने, घर बदलताना आणि लिहिणारा माणूस गेल्यावर रद्दीत गेलेली बाडं कितीतरी जास्त आहेत. म्हणून या लेखात आधी पाणी येतं, मग चोर, आणि शेवटी वारस.

आधी एक रविवार काढा

जे काय लिहिलंय ते एका जागी आणा. वह्या, फाईली, कॅलेंडरच्या पाठीमागे लिहिलेल्या ओळी, मोबाइलमधल्या नोंदी, व्हॉट्सअ‍ॅपवर स्वतःलाच पाठवलेले निरोप, पाच वर्षांपूर्वी मैत्रिणीला वाचायला दिलेली आणि परत न आलेली कादंबरी. ही शेवटची गोष्ट सगळ्यात आधी परत मागा. संकोच करू नका, आपलंच मूल आहे.

प्रत्येक वहीला पेन्सिलीने एक क्रमांक द्या आणि एका वेगळ्या वहीत यादी करा: क्रमांक, त्यात काय आहे, कधीपासून कधीपर्यंतचं, कुठे ठेवलंय, कुणाला दाखवलंय. कवितेखाली तारीख आणि गाव लिहायची आपल्याकडची जुनी सवय फार उपयोगाची आहे, ती सोडू नका. कथेच्या प्रत्येक खर्ड्यावर "खर्डा १", "खर्डा २" आणि तारीख टाका.

पक्की प्रत तयार झाली की लोक खर्डे फाडून चुलीत घालतात. कृपा करून असं करू नका. उद्या वाद झालाच तर तुमच्याकडचा सगळ्यात बोलका पुरावा ती खाडाखोडच असते. उचलणाऱ्याच्या हातात फक्त शेवटची, स्वच्छ प्रत असते. पात्राचं नाव आधी काय होतं, तिसरा परिच्छेद का उडवला, शेवट किती वेळा बदलला हे त्याला दाखवता येत नाही, तुम्हाला येतं. शिवाय दहा वर्षांनी स्वतःचा जुना खर्डा वाचताना एखादी उडवलेली ओळ नव्या कथेचं बी निघते. माझ्या दोन कथा अशाच आल्या आहेत.

कागद आणि आमचा पाऊस

कणकुंबी, जांबोटीकडचा पाऊस ज्यांनी पाहिलाय त्यांना वेगळं सांगायला नको. तीन-चार महिने हवा कुंद असते, भिंतीला हात लावला तर ओला होतो. बेळगाव शहरातही जुन्या गल्ल्यांतली मातीच्या भिंतींची घरं ओल धरतात. निपाणी-चिकोडीकडे पाऊस कमी, पण तिथे वाळवी आहे आणि कृष्णा-वेदगंगेच्या काठाला पुराची भीती आहे.

जागा निवडताना दोन ठिकाणं टाळा: जमीन आणि माळा. जमिनीवर पाणी येतं, वाळवी येते. माळ्यावर कौलांखाली उन्हाळ्यात कागद भाजून ठिसूळ होतो आणि एक कौल सरकलं की पावसाळ्यात धार थेट बाडावर. माजघरातलं, आतल्या भिंतीला असलेलं कपाट सगळ्यात बरं. त्यातही मधला कप्पा, आणि कपाटाची पाठ भिंतीपासून चार बोटं सुटलेली असावी म्हणजे वारा खेळतो.

बांधायला मांजरपाटाचं धुतलेलं, खळ गेलेलं कापड घ्या. पोथ्या फडक्यात गुंडाळायचे ते उगीच नव्हे. कापड धूळ अडवतं आणि हवा सोडतं. प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून ठेवलेली वही मात्र आतल्या आत घामेजते आणि बुरशी धरते. पुराची धास्ती असेल तर पावसाळ्यापुरती झाकणाची प्लास्टिक पेटी वापरा, पण आत कागद पूर्ण कोरडा असताना ठेवा, सोबत ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि दसऱ्याला पेटी उघडून हवा द्या.

वहीतल्या टाचण्या, स्टेपलच्या पिना, लोखंडी क्लिपा काढून टाका. गंज कागद खातो. रबरबँड वितळून चिकटतात, त्याऐवजी सुती नाडी बांधा. फाटलेल्या पानाला सेलोटेप लावू नका, काही वर्षांत तिथे पिवळा चिकट डाग उरतो. हस्तलिखिताचं लॅमिनेशन तर कधीच नको, ते पुन्हा निघत नाही. कडुलिंबाचा वाळवलेला पाला किंवा वेखंडाचे तुकडे पुरचुंडीत बांधून कप्प्यात ठेवतात, ठेवावेत; पण तेवढ्यावर विसंबू नका. कसर आणि वाळवी यांवर खरा उपाय म्हणजे दर दोन महिन्यांनी कपाट उघडून बघणं.

आणि शाई. बॉलपेनाची शाई तेलकट असते, पाण्याला बऱ्यापैकी दाद देत नाही. पेन्सिल तर पाण्याने जातच नाही. जेल पेन आणि फाउंटन पेनाची धुतली जाणारी शाई पुरात टिकत नाही. प्रिंट काढायची तर लेसर प्रिंटरवर काढा. इंकजेटची अक्षरं ओल लागताच पसरतात. झेरॉक्सही लेसरसारखीच टिकते, तेव्हा ज्या वह्या जेल पेनाने आधीच लिहून झाल्यात त्यांची या आठवड्यात एक झेरॉक्स काढा आणि ती दुसऱ्या घरी ठेवा. बहिणीकडे, सासरी-माहेरी, गोव्यातल्या भावाकडे, कुठेही; फक्त त्याच नदीच्या काठावर नको.

वही भिजलीच तर

घाई करू नका, पण दोन दिवसांच्या आत हालचाल करा. ओल्या कागदाला साधारण ४८ तासांत बुरशी धरू लागते.

चिकटलेली पानं ओढून सोडवू नका. वही उभी करून, पानं पंख्यासारखी किंचित पसरून सावलीत, पंख्याच्या वाऱ्याला ठेवा. उन्हात ठेवाल तर कागद वाकडा होतो आणि पानं एकमेकांना घट्ट बसतात. इस्त्री, केस वाळवायचं यंत्र, चुलीची धग, काही नको. दर दहा-पंधरा पानांनंतर पांढरा टिश्यू किंवा कोरा कागद घाला आणि तो भिजला की बदला. छापील वर्तमानपत्र घालू नका, त्याची शाई तुमच्या पानावर उतरते.

वह्या जास्त असतील, एकदम सगळ्या वाळवणं शक्य नसेल, तर प्रत्येक वही प्लास्टिकमध्ये गुंडाळून फ्रिजच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवा. गोठलेल्या कागदावर बुरशी वाढत नाही. मग एकेक बाहेर काढून सवडीने वाळवा. हे मला २०१९ साली ठाऊक असतं तर निदान पानं चिकटून फाटायची वाचली असती. एखादं पान वाचता येण्याइतपत सुटलं की लगेच मोबाइलने फोटो काढा. वाळताना शाई आणखी फिकी होऊ शकते.

फोटो, टाइप आणि फॉन्टचा घोळ

स्कॅनर लागत नाही. खिडकीशी सकाळच्या उजेडात वही सपाट ठेवा, फ्लॅश बंद, मोबाइल पानाला समांतर, एका वेळी एकच पान. फाईलचं नाव क्रमांकानुसार द्या: वही चार, पान बारा. सगळे फोटो तीन ठिकाणी असू द्या: एक मोबाइल किंवा संगणकावर, एक वेगळ्या हार्ड डिस्कवर, एक गूगल ड्राइव्हसारख्या ठिकाणी. गूगलवर १५ जीबी जागा फुकट मिळते, ती वह्यांना भरपूर होते. पेन ड्राइव्ह ही ने-आण करायची वस्तू आहे, कायमची साठवण म्हणून तिच्यावर भरवसा ठेवू नका.

ज्यांना टायपिंग जमत नाही त्यांनी बोलून लिहून बघावं. गूगल डॉक्समध्ये आणि मोबाइलच्या कीबोर्डवर मराठीत बोललं की अक्षरं उमटतात. आपल्या बोलीतले शब्द ते चुकवतं, कानडी वळणाचे शब्द तर हमखास. ते नंतर हाताने दुरुस्त करा आणि मुद्रितशोधकाच्या धाकाने ते "शुद्ध" करून टाकू नका.

आता डीटीपी, म्हणजे छपाईसाठी संगणकावर करून घेतलेली अक्षरजुळणी. आपल्याकडे अजून बरंच काम श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये होतं. ती फाईल दुसऱ्या संगणकावर उघडली की अक्षरांच्या जागी चित्रविचित्र खुणा दिसतात, आणि तिच्या पीडीएफमधून मजकूर उचलता येत नाही. म्हणून काम देतानाच स्पष्ट सांगा: मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही संगणकावर नीट दिसणाऱ्या अक्षरांत हवा, आणि शेवटी युनिकोड फाईल आणि पीडीएफ दोन्ही मला मिळाली पाहिजेत. जुनं काम श्रीलिपीत अडकलं असेल तर त्याच डीटीपीवाल्याकडून युनिकोडमध्ये रूपांतर करून घ्या. रूपांतरात जोडाक्षरं आणि रफार बिघडतात, तेव्हा मूळ प्रत शेजारी ठेवून ओळ न ओळ तपासा.

लिखाण नकळत बाहेर पडतं ते बहुतेक याच टप्प्यावर. झेरॉक्सच्या दुकानात आपण सरळ दुकानदाराच्या नंबरावर फाईल टाकतो. ती त्याच्या फोनमध्ये, संगणकावर महिनोन् महिने पडून राहते, आणि त्या संगणकावर दिवसाला पन्नास माणसं बसतात. दुकानदार वाईट असतो असं नाही, त्याला पुसायची सवय नसते. समोर उभं राहून "काम झालं, आता तेवढी फाईल काढून टाका हं" म्हणायला लाजू नका. तीच गोष्ट फुकट पीडीएफ बदलून देणाऱ्या संकेतस्थळांची. तिथे अख्खी अप्रकाशित कादंबरी चढवू नये.

दाखवावं कुणाला?

न दाखवता लिहिणं कठीण आहे, आणि चोरीच्या भीतीने कुणालाच न दाखवणारे लेखक हळूहळू लिहायचेच थांबतात, हे मी पाहिलंय. आपल्याकडे कडोली, उचगाव, येळ्ळूर, कुद्रेमनी, सांबरा, कारदगा, माचीगड अशा गावांनी स्वतःच्या खर्चाने, वर्गणी काढून मराठी साहित्य संमेलनं भरवली आहेत. गावच्या मांडवात शेतकरी, शिक्षक, बायाबापड्या कविता ऐकायला बसतात. अशी श्रोतृमंडळी असलेल्या प्रदेशात लिहून वही मिटून ठेवायची, हे मला पटत नाही.

दोन किंवा तीन वाचक निवडा. एक जण भाषेचा जाणकार, एक जण तुमच्या गावचा, आणि शक्य तर एक जण बाहेरचा. प्रत देताना ईमेलने द्या, पीडीएफ द्या, आणि निरोपात एक ओळ लिहा: "ही माझी अप्रकाशित कथा केवळ वाचून अभिप्राय द्यावा म्हणून पाठवत आहे, कृपया पुढे पाठवू नये." कुणाला काय, कधी दिलं याची नोंद यादीच्या वहीत करा. ज्याला राग यायचा त्याला येऊ दे.

व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रूपवर पूर्ण कविता टाकण्याआधी मात्र थांबा. नाव गळून पडायला तिथे एक फॉरवर्ड पुरतो. माझी स्वतःची एक कविता दुसऱ्याच नावाने मला परत आली, तेव्हा पाठवणाऱ्याने वर लिहिलं होतं, "ताई, ही वाचा, तुम्हाला आवडेल." टाकायचीच तर चार ओळी टाका. पूर्ण टाकायची तर नाव आणि गाव चित्रातच, कवितेच्या मधल्या भागाला लागून लिहा, तळाशी लिहिलं की कापता येतं.

याला आणखी एक बाजू आहे. दिवाळी अंक आणि स्पर्धा "अप्रकाशित साहित्य"च मागतात. कवी संमेलनात वाचलेली कविता बहुतेक संपादक अप्रकाशित धरतात, पण फेसबुक किंवा यूट्यूबवर आलेली बरेच जण धरत नाहीत. पाठवण्याआधी विचारून घ्या. कुणी तुमच्या परवानगीशिवाय तुमची कविता पसरवली असेल तर कायदा तुमच्या बाजूने आहे: प्रताधिकार (कॉपीराइट) कायद्याच्या कलम ४ प्रमाणे, हक्कदाराच्या परवानगीविना प्रसिद्ध झालेली कृती, उल्लंघनाचा प्रश्न सोडला तर, प्रकाशित झाली असं मानलं जात नाही.

स्पर्धेचे नियम शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. "स्पर्धेसाठी आलेल्या सर्व साहित्याचे हक्क आयोजकांकडे राहतील" अशी ओळ असेल तर पाठवू नका. बक्षीस न मिळताच कथा गमवायची हा व्यवहार कुठला?

कायदा काय म्हणतो

भारतात प्रताधिकार कायदा १९५७ चा आहे, आणि त्यातली सगळ्यात मोलाची गोष्ट फार कमी लेखकांना माहीत असते: हक्क मिळवायला काहीच करावं लागत नाही. कविता कागदावर उतरली त्या क्षणी ती तुमची झाली. छापायला नको, नोंदवायला नको, वर्तुळातलं सी अक्षर लिहायला नको. भारतीय नागरिकाने लिहिलेली अप्रकाशित कृतीही पूर्ण संरक्षित आहे. हा हक्क लेखकाच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो. कृती मृत्यूनंतर पहिल्यांदा छापली गेली, तर ती ६० वर्षं प्रकाशनाच्या वर्षानंतर मोजली जातात.

संरक्षण मिळतं ते मांडणीला, कल्पनेला नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली आर. जी. आनंद यांच्या खटल्यात हे स्पष्ट केलं. तंबाखूच्या वखारीत राबणाऱ्या बाईवर तुम्ही कादंबरी लिहिली म्हणून निपाणीचा दुसरा लेखक तो विषय घेऊ शकत नाही, असं नाही. तुमची पात्रं, प्रसंगांची गुंफण, वाक्यं उचलली तर मात्र तो दोषी. शीर्षकालाही सहसा संरक्षण नसतं. म्हणून नुसत्या कल्पना घेऊन चहाच्या टेबलावर फिरू नका, आधी लिहून काढा.

स्वतःलाच टपालाने पाकीट पाठवून ते न फोडता ठेवण्याची युक्ती अनेक जण सांगतात. कायद्यात तिला वेगळं स्थान नाही. मोकळं पाकीट आधी पाठवून नंतर भरता येतं, हे वकील सहज दाखवून देतो. त्यापेक्षा स्वतःला ईमेल केलेली पीडीएफ बरी. ती पुसू नका आणि खातं चालू ठेवा. दोन वर्षं न उघडलेलं खातं गूगल बंद करून टाकू शकतं. असा पुरावा कोर्टात द्यायचा झाला तर भारतीय साक्ष्य अधिनियम २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडावं लागतं. ते काम वकील करतो, तुम्ही फक्त मूळ ईमेल जपायची.

सगळ्यात भक्कम पुरावा म्हणजे नोंदणी. ती सक्तीची नाही, पण नोंदवहीतला उतारा कोर्टात प्रथमदर्शनी पुरावा धरला जातो. प्रताधिकार कार्यालय दिल्लीत द्वारकेला आहे, अर्ज मात्र त्यांच्या सरकारी संकेतस्थळावरून घरबसल्या करता येतो. खातं उघडायचं, फॉर्म १४ भरायचा, साहित्यकृतीसाठी प्रत्येकी ५०० रुपये भरायचे. डायरी क्रमांक मिळतो तो जपून ठेवा. त्यानंतर आक्षेपांसाठी ३० दिवसांची वाट, मग छाननी. उत्तराला महिने लागतात, मधे त्रुटीचं पत्र आलं तर मुदतीत उत्तर द्या. सुट्या पन्नास कवितांचे पन्नास अर्ज करण्यापेक्षा संग्रह जुळवून, अनुक्रमणिका घालून एक कृती म्हणून अर्ज करणं शहाणपणाचं. अप्रकाशित कृती पुढे छापली गेली की नोंदीत तसा बदल करून घेता येतो.

सीमाभागातल्या माणसाने इथे एक गोष्ट आधी निस्तरावी: नाव. सनदेवर एक स्पेलिंग, आधारवर कन्नडमधून उतरलेलं दुसरं, बँकेत तिसरं. गावाचंही तसंच, जुन्या कागदांवर बेळगाव आणि १ नोव्हेंबर २०१४ नंतरच्या सरकारी कागदांवर बेळगावी. अर्ज आधारवरच्या नावानेच भरा, लेखनातलं नाव वेगळं असेल तर टोपणनाव म्हणून लिहा, आणि पत्त्यात सध्याचं सरकारी नाव लिहा. त्याने तुमची मराठी काही कमी होत नाही, पण अर्ज अडायचा वाचतो.

सगळ्यांनी नोंदणी करावी असं माझं मत नाही. सुट्या कवितांना ईमेल आणि खर्डे पुरेत. कादंबरी, नाटक, पटकथा किंवा कुणाशी व्यवहाराची बोलणी चालू असलेलं काहीही असेल तर ५०० रुपये खर्च करा. पटकथाकारांसाठी मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनची नोंदणीही आहे, तिला सभासदत्व लागतं. नाटकवाल्यांनो, महाराष्ट्रात प्रयोग करायचा तर रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे संहिता द्यावी लागते. तिथलं तारखेसह मिळालेलं प्रमाणपत्र हाही पुरावाच, जपून ठेवा.

प्रकाशक आणि सही

पुण्या-मुंबईचा किंवा कोल्हापूरचा प्रकाशक फोनवर "छापतो" म्हणाला की आपण हुरळतो आणि मूळ हस्तलिखित पार्सल करतो. मूळ प्रत कधीही देऊ नका, कुणालाही, कितीही मोठ्या माणसाला.

करार लेखी हवा, हे कायदाच सांगतो. हक्क देणाऱ्याच्या सहीशिवाय हस्तांतर होत नाही. कोणती कृती, कोणते हक्क, किती वर्षं, कुठल्या प्रदेशासाठी आणि मानधन किती, एवढं त्यात असलंच पाहिजे. मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षं धरली जाते. प्रदेश लिहिला नसेल तर भारत. आणि करारात वेगळं काही म्हटलेलं नसेल, तर घेतलेला हक्क प्रकाशकाने वर्षभरात वापरला नाही की तो आपोआप सुटतो. तीन-तीन वर्षं "पुढच्या महिन्यात" ऐकणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. "सर्व हक्क" हे दोन शब्द दिसले की थांबा. छापील पुस्तकाचा हक्क द्या. भाषांतर, नाटक, चित्रपट, श्राव्य पुस्तक हे वेगळे ठेवा.

शेवटचं कलम सहसा असं असतं: वाद झाल्यास न्यायक्षेत्र अमुक शहर. तिथे बेळगाव लिहायला सांगा. नाही मानलं तर निदान ते कलम काढायला सांगा.

शेजारची भाषा

कन्नड मित्राने तुमच्या कथा भाषांतरित करायची तयारी दाखवली तर आनंदाने हो म्हणा. आपल्याकडे हे दोन्ही बाजूंनी जितकं व्हावं तितकं थोडं. पण भाषांतराचा हक्क तुमचा आहे, तो अर्ध्या पानाच्या पत्राने द्या: कोणत्या कथा, कुठे छापणार, मूळ लेखकाचं नाव कुठे येणार, मानधन कसं वाटायचं. केलेल्या भाषांतरावर भाषांतरकाराचाही स्वतंत्र हक्क असतो, हे आपणही मानायचं. उलट बाजूने तुम्ही कन्नडमधून मराठीत आणत असाल तर आधी लेखी परवानगी घ्या. बाराव्या शतकातली वचनं कुणाच्याही परवानगीविना भाषांतरित करता येतात, आजच्या कवीची कविता नाही. आजीच्या तोंडच्या ओव्या जमवणाऱ्यांसाठी इतकंच: ओवी लोकांची, तुमचा हक्क तुमच्या संपादनावर आणि टिपणांवर. ओवी सांगणाऱ्या बाईचं नाव तिला विचारून छापा.

चोरी झालीच तर

समाजमाध्यमांवर भांडायच्या आधी पुरावा गोळा करा. अंक विकत घ्या, पावती ठेवा. ऑनलाइन असेल तर तारीख, पत्ता दिसेल असे स्क्रीनशॉट घ्या, कारण बोंब झाली की पान गायब होतं. मग दोन्ही मजकूर शेजारी शेजारी ठेवून सारख्या ओळींवर खुणा करा. आधी संपादकाला सभ्य, लेखी पत्र. बऱ्याचदा संपादकच फसलेला असतो आणि पुढच्या अंकात दिलगिरी येते. तेवढ्याने समाधान होत असेल तर थांबावं.

नाही झालं तर वकिलाची नोटीस. आणि इथे आपल्यासाठी फार महत्त्वाचं कलम आहे, ६२. प्रताधिकाराचा दावा लेखक जिथे राहतो तिथल्या जिल्हा न्यायालयात लावता येतो. प्रकाशक मुंबईचा असला तरी बेळगावात राहणाऱ्या बाईला मुंबईच्या खेपा घालाव्या लागत नाहीत. मराठी कागदांची भाषांतरं जोडावी लागतील, त्याचा खर्च धरून चला. स्त्रियांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना उत्पन्न न बघता जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळू शकतो. जाणूनबुजून केलेलं उल्लंघन हा गुन्हाही आहे. ६ महिने ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख दंड अशी तरतूद आहे.

हक्क विकला तरी नाव विकलं जात नाही, हेही माहीत असू द्या. कलम ५७ प्रमाणे कृतीवर आपलं नाव लागण्याचा आणि तिची मोडतोड होऊन बदनामी झाली तर दाद मागण्याचा हक्क लेखकाकडेच राहतो.

आपल्यानंतर

हा भाग लिहिताना हात अडतो. पण आपल्याकडे त्याची गरज सगळ्यात जास्त आहे. आपली मुलं इंग्रजी किंवा कन्नड माध्यमात शिकली, नातवंडं बेंगळुरूला वाढली. त्यांना घरात मराठी बोलता येतं, पण आजोबांचं वळणदार अक्षर वाचता येत नाही. घर विकताना ट्रंक उघडली जाते, आत जुन्या वह्या दिसतात, आणि रद्दीवाला दारातच उभा असतो. कुणाच्या मनात पाप नसतं, काय आहे ते कळतच नाही.

म्हणून मृत्युपत्र करा. साध्या कागदावर चालतं, तुमची सही आणि दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात. नोंदणी सक्तीची नाही, केली तर बरी. त्यात वह्यांचा उल्लेख यादीतल्या क्रमांकांनी करा. प्रताधिकार कायद्याचं कलम २० असं आहे की अप्रकाशित हस्तलिखित मृत्युपत्राने ज्याला दिलं, त्याला, वेगळं काही लिहिलं नसेल तर, त्याचा प्रताधिकारही जातो. म्हणजे वह्या भावनेपोटी एकीला आणि छापण्याचा अधिकार समज असलेल्या दुसऱ्याला द्यायचा असेल तर तसं स्पष्ट लिहावं लागेल. जिवंतपणी एखाद्या वाचनालयाला वह्या भेट दिल्या तर मात्र नुसता कागद जातो, हक्क तुमच्याकडे राहतो. काही जाळायचं असेल, काही लेख कधीच छापू नयेत असं वाटत असेल, तर तेही आपल्या हाताने आत्ताच करा किंवा लिहून ठेवा. ते ओझं मुलांवर टाकू नका.

गूगल खात्यात निष्क्रिय खात्यासाठी विश्वासू माणूस नेमण्याची सोय आहे, ती भरून ठेवा. ठरवलेले महिने खातं वापरलं गेलं नाही की त्या माणसाला आतल्या फाईली मिळतात.

आणि ट्रंकेवर, कपाटावर, पेटीवर एक चिठ्ठी चिकटवा, बॉलपेनाने लिहून. मी माझ्यावर लावली आहे ती अशी: "या पेटीत तुमच्या आईने लिहिलेल्या कविता आणि कथा आहेत. रद्दीत देऊ नका. वाचता आलं नाही तर ज्याला मराठी वाचता येतं अशा एकाला दाखवा. यादी निळ्या वहीत आहे." त्याखाली तीच चार वाक्यं कन्नडमध्ये, आणि त्याखाली इंग्रजीत. कन्नड मजकूर माझ्या थोरल्या मुलीने लिहून दिला. लिहिताना तिने विचारलं, "आई, निळ्या वहीत पहिलं काय आहे?" त्या संध्याकाळी आम्ही दोघींनी क्रमांक एकची वही उघडली.